‘रिंग’णात रुतलेले सरकार

जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेलच्या डोंगराळ मुलखात न्यूरबर्ग नावाचे एक खेडे आहे. वस्ती दोनशेच्या आतली, टेकडीवर मध्ययुगीन किल्ल्याचे भग्नावशेष आणि सभोवार दाट अरण्य. अशा आडगावी मोसमातल्या एखाद्या रविवारी ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम अशा नाना देशांच्या पाट्या मिरवणाऱ्या शेकडो मोटारी रांग लावून उभ्या असतात. त्यांत लाखो युरोंच्या पोर्शे असतात, तशा मागच्या आसनावर लहान मुलाची खुर्ची बसवलेल्या घरगुती मोटारीही असतात. सर्वांना हवी असते ती एकच गोष्ट : नाक्यावर तीस-पस्तीस युरो मोजून न्यूरबर्गरिंगच्या उत्तर वळशाची, म्हणजे ‘नॉर्डश्लाइफे’ची एक फेरी. लांबी २०.८ किलोमीटर.

या मार्गाचे उद्घाटन १८ जून १९२७ रोजी झाले. जून २०२७ मध्ये त्याची शताब्दी आहे. मोटारींच्या वेडावर पर्यटन उभे करण्याचे स्वप्न आज जगातील अनेक सरकारांना पडते. त्यांच्यासाठी या शंभर वर्षांपैकी सर्वांत बोलका काळ आहे तो २००७ ते २०१४ हा. या सात वर्षांत एका सुस्थित, शिस्तप्रिय म्हणविणाऱ्या राज्याच्या सरकारने जगातील सर्वांत प्रसिद्ध मोटारमार्ग दिवाळखोरीत घालून दाखविला. आणि तोही रस्त्यावर नव्हे, तर रस्त्याच्या कडेला उभारलेल्या इमारतींवर पैसा उधळून.

मुळात हा मार्ग जन्माला आला तोच सरकारी रोजगार योजनेतून. पहिल्या महायुद्धानंतर आयफेल हा प्रशियातील अत्यंत दरिद्री प्रदेश होता. शेती बेताची, उद्योग नाहीत. आडेनाऊ जिल्ह्याचे प्रशासक ओटो क्रॉइट्झ यांनी मोटारशर्यतींसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याची कल्पना उचलून धरली. बेकारांच्या हाताला काम, जर्मन मोटार उद्योगाला चाचणीची जागा आणि मुलखाला पाहुणे, असा तिहेरी हिशेब त्यामागे होता. कोलोनचे तत्कालीन महापौर कोनराड आडेनाऊर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, त्यांनीही या योजनेची पाठराखण केली. १९२५ मध्ये सुरू झालेले काम दोन वर्षांत संपले. खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला आणि त्यावरून टीकाही झाली. न्यूरबर्गरिंगवरचा सरकारी खर्च अंदाजाबाहेर जाण्याची परंपरा अशी जुनीच आहे. फरक एवढाच, की त्या वेळच्या उधळपट्टीतून निदान एक रस्ता तरी शिल्लक राहिला.

या रस्त्याचे वैशिष्ट्य असे, की तो डोंगर फोडून सपाट केलेला नाही. दऱ्याखोऱ्यांच्या अंगाने तो उतरतो, चढतो, वळतो. सर्वांत खालच्या आणि वरच्या बिंदूंमध्ये सुमारे तीनशे मीटरांचा फरक आहे. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हा तेथला नित्याचा अनुभव. स्कॉटलंडचे विश्वविजेते जॅकी स्टुअर्ट यांनी त्याला ‘हिरवा नरक’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा यांची फेरारी येथेच पेटली. लाउडा मृत्यूच्या दारातून परतले, पण फॉर्म्युला वन त्या वळशावर पुन्हा परतली नाही. १९८४ मध्ये शेजारीच लहान, आधुनिक आणि सुरक्षित मार्ग बांधण्यात आला. त्याच वेळी जुना वळसा मोडीत निघाला असता, तर त्यात कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

तो टिकला याचे कारण १९२७ पासून चालत आलेली एक प्रथा. शर्यत वा चाचणी नसेल तेव्हा हा मार्ग पैसे भरणाऱ्या कोणाही वाहनचालकाला खुला असतो. कायद्याच्या दृष्टीने त्या वेळी तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो आणि जर्मनीचे वाहतुकीचे नियम तेथे लागू होतात. ओलांडून जायचे तर डावीकडूनच. घड्याळ लावून वेळ मोजण्यास मनाई. अपघातात लोखंडी कठडा मोडला तर भरपाईचे बिल चालकाच्या हाती पडते आणि विमा कंपनी अनेकदा हात वर करते. मोटार भाड्याने देणाऱ्या नेहमीच्या कंपन्या तर करारातच या मार्गाला बंदी घालतात. त्यामुळे न्यूरबर्ग आणि आडेनाऊ परिसरात खास या फेरीसाठी मोटारी भाड्याने देण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. भारतीय वाचकाला गंमत वाटेल, पण त्या ताफ्यांमध्ये सुझुकी स्विफ्टसारखी लहान मोटारही मानाने नांदली आहे.

जगातील बहुतेक क्रीडातीर्थांवर सामान्य माणूस प्रेक्षक म्हणून जातो. लॉर्ड्सच्या खेळपट्टीवर पैसे भरून एक षटक टाकता येत नाही, की विम्बल्डनच्या मध्यवर्ती कोर्टावर सर्व्हिस करता येत नाही. न्यूरबर्गरिंगवर मात्र ज्या वळणावर लाउडा थांबले, त्याच वळणावरून कोणीही साधा परवानाधारक आपली मोटार नेऊ शकतो. हे आकर्षण एखाद्या जाहिरात संस्थेने शोधलेले नाही. १९९८ नंतर संगणकावरील आणि विशेषतः २००४ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ या खेळामुळे हा वळसा जगभरच्या तरुणांना तोंडपाठ झाला. ज्या मुलांनी तो पडद्यावर हजार वेळा पार केला होता, ती हाती परवाना येताच आयफेलची वाट धरू लागली. मोटार कंपन्याही आपल्या नव्या गाड्यांच्या चाचण्या येथेच घेतात आणि फेरीची वेळ जाहिरातीत मिरवितात. सरकारने यासाठी काहीही केले नव्हते. कदाचित म्हणूनच सरकारला त्याची किंमत कळली नसावी.

जर्मनीत मोटारवेड्यांची अन्य तीर्थस्थळेही आहेत आणि ती त्याच दशकात उभी राहिली. वोल्फ्सबुर्ग येथे फोक्सवॅगनची ‘ऑटोस्टाट’ २००० मध्ये उघडली. तेथील काचेच्या दोन उत्तुंग मनोऱ्यांत नव्याकोऱ्या मोटारी रचून ठेवलेल्या असतात आणि खरेदीदार सहकुटुंब येऊन आपली मोटार घेऊन जातो. स्टुटगार्टमध्ये मर्सिडीज-बेंझचे संग्रहालय २००६ मध्ये, तर पोर्शेचे २००९ मध्ये खुले झाले. म्युनिकचे ‘बीएमडब्ल्यू वेल्ट’ २००७ चे. ही सारी भव्य आहेत, प्रेक्षणीय आहेत. तथापि त्यांचा खर्च कंपन्यांनी आपल्या प्रतिमेसाठी केला आहे. त्यांना तिकीटविक्रीतून नफा झालाच पाहिजे असे नाही. नेमका हाच भेद ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट राज्याच्या सरकारने नजरेआड केला.

न्यूरबर्गरिंग चालविणाऱ्या कंपनीची ९० टक्के मालकी राज्याकडे आणि उरलेली १० टक्के आरवायलर जिल्ह्याकडे होती. फॉर्म्युला वनच्या यजमानपदासाठी मोजावे लागणारे शुल्क तिकिटांतून निघत नसल्याने तोटा होत होता. त्यावर उपाय म्हणून ‘न्यूरबर्गरिंग २००९’ हा प्रकल्प आखला गेला. वर्षभर गर्दी खेचणारे मनोरंजन केंद्र, छताखालचा बाजार, सभागृह, हॉटेले, नकली ‘आयफेल खेडे’ आणि त्यातील मद्यालये असा तो थाट होता. सरकारी खजिन्याला तोशीस न लागता खासगी गुंतवणूकदार पैसा उभा करतील, असे आश्वासन देण्यात आले होते. १९९४ पासून मुख्यमंत्रिपदी असलेले सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे कुर्ट बेक यांच्यामागे विधिमंडळात त्या वेळी पूर्ण बहुमत होते. साहजिकच आडवे प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज क्षीण राहिला.

गुंतवणूकदार काही आला नाही. आले ते मध्यस्थ. अमेरिकेतील एका धनाढ्य घराण्याच्या नावाचे जे धनादेश पुढे करण्यात आले, ते वटलेच नाहीत. उद्घाटनाच्या अगदी तोंडावर, जुलै २००९ मध्ये, अर्थमंत्री इंगोल्फ डॉयबेल यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे २०१४ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयाने त्यांना विश्वासभंगाबद्दल साडेतीन वर्षांची कैद सुनावली. अपिलात त्या निकालाचा काही भाग रद्द होऊन शिक्षा घटली, पण राज्याच्या माजी अर्थमंत्र्याने गुन्हेगार ठरावे, ही घटना जर्मनीत विरळाच. दरम्यान प्रकल्पाचा खर्च ३३ कोटी युरोंच्या घरात गेला होता आणि तो अखेर राज्याच्याच बँकेच्या कर्जातून भागवावा लागला.

या साऱ्या खटाटोपाचे प्रतीक म्हणजे तेथे उभारलेला ‘रिंगरेसर’ हा पाळणा. दाबलेल्या हवेच्या जोरावर अडीच सेकंदांत ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठणारा, जगातील सर्वांत वेगवान पाळणा म्हणून त्याचा डंका पिटण्यात आला. सप्टेंबर २००९ मध्ये चाचणी चालू असताना स्फोट होऊन आसपासच्या काचा फुटल्या. दुरुस्त्या आणि परवानग्या यांत चार वर्षे गेली. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी, वेग बराच कमी करून, तो एकदाचा लोकांसाठी सुरू झाला आणि चार दिवसांनी बंद झाला. ज्याला पायाखाली स्वतःच्या मोटारीचा वेग हवा आहे, तो रुळांना जखडलेल्या डब्यात बसण्यासाठी आयफेलच्या पावसात कशाला येईल, हा साधा प्रश्न नियोजनाच्या टेबलावर कोणी विचारला होता की नाही, देव जाणे.

वेगवान पाळणा आणि मोटारवेड यांची सांगड बसतच नाही, असे मात्र नाही. अबुधाबीमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये उघडलेल्या ‘फेरारी वर्ल्ड’मधील पाळणा ताशी २४० किलोमीटर वेगाने धावतो आणि तो गर्दीचे मुख्य आकर्षण ठरला. परंतु तेथे तेलाचा पैसा होता, दारात आंतरराष्ट्रीय विमानतळ होता, आणि मुख्य म्हणजे तेथे येणारी कुटुंबे मोटार चालविण्यासाठी आलेलीच नव्हती. उन्हापासून पळून थंडगार छताखाली दिवस घालविणे हीच तेथील गरज. न्यूरबर्गच्या जवळ मोठे शहर नाही. थंडीत बर्फ, वसंतात धुके. ऑक्टोबर २०२० मध्ये फॉर्म्युला वन तेथे अपवादात्मकरीत्या परतली, तेव्हा धुक्यामुळे वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू न शकल्याने शुक्रवारचा सरावच रद्द करावा लागला होता. वाळवंटातील यशाची प्रत अरण्यात चालत नाही, हे कळण्यासाठी सल्लागारांची फौज लागत नाही. ती फौज नसती, तर कदाचित लवकर कळले असते.

सर्वाधिक रोष होता तो स्थानिकांचा. पिढ्यान् पिढ्या पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या, बिअर आणि जेवण वाढणाऱ्या गावकऱ्यांसमोर सरकारने करदात्यांच्याच पैशातून मोठी हॉटेले आणि मद्यालये उभी केली. परिसरात रोख पैशांऐवजी विशिष्ट कार्ड वापरण्याची सक्ती झाली, तेव्हा जुन्या चाहत्यांचाही संताप झाला. ‘रिंग वाचवा’ अशी मोहीम सुरू झाली. तिच्यात भाग घेणारे लोक मार्गाच्या सुधारणेसाठी काहीच मागत नव्हते. त्यांची मागणी होती ती रस्ता, टोल आणि खुले फाटक तसेच राहू द्या, एवढीच. ज्या खासगी चालकांकडे नव्या संकुलाचा कारभार सोपविला होता, त्यांनी ठरलेले भाडे दिले नाही, असे सांगून राज्याने २०१२ मध्ये तो करार मोडला.

त्यानंतरची घसरण वेगाने झाली. तग धरण्यासाठी आणखी सरकारी मदत द्यायची तर युरोपीय आयोगाची संमती हवी होती. ती वेळेत न मिळाल्याने जुलै २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सप्टेंबरमध्ये बेक यांनी पदत्यागाची घोषणा केली आणि जानेवारी २०१३ मध्ये ते पायउतार झाले. कारण प्रकृतीचे देण्यात आले. ते खरेही असेल, पण न्यूरबर्गरिंगच्या सावलीतून त्यांची कारकीर्द शेवटपर्यंत बाहेर आली नाही. मार्च २०१४ मध्ये सारा पसारा सुमारे ७ कोटी ७० लाख युरोंना ‘काप्रिकॉर्न’ या जर्मन उद्योगसमूहाला विकण्यात आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने आधीच्या मालक कंपन्यांना मिळालेले ४५ कोटी युरोंहून अधिक सरकारी साह्य बेकायदा ठरविले, पण ते वसूल करायला त्या कंपन्यांत उरले होते काय? नव्या खरेदीदाराला पुढचे हप्ते जड गेले आणि २०१६ पर्यंत जवळपास संपूर्ण मालकी रशियातील औषध उद्योजक व्हिक्टर खारितोनिन यांच्याकडे गेली. विक्रीची पद्धत योग्य होती काय, याचा वाद तरीही मिटला नाही. या व्यवहाराची सखोल चौकशी न करता आयोगाने त्याला निर्वाळा दिला हे चुकले, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला.

म्हणजे बेकारांना काम देण्यासाठी सार्वजनिक पैशातून बांधलेला रस्ता, सार्वजनिक पैशाच्याच उधळपट्टीमुळे, खासगी परदेशी हातांत गेला. ‘रिंग वाचवा’ म्हणणाऱ्यांची भीती हीच होती. एखाद्या धनिकाने किंवा मोटार कंपनीने तो विकत घेऊन फाटक लावून घेतले तर? या भीतीची दखल राज्याच्या विधिमंडळाने घेतली, हे त्याच्या खात्यावर जमा करायला हवे. मालक कोणीही असो, हा मार्ग सर्वसामान्यांना उपलब्ध राहिला पाहिजे, असा कायदा २०१३ मध्ये, विक्रीपूर्वीच, करण्यात आला. ३३ कोटी युरोंच्या बांधकामापेक्षा काही कलमांचा हा कायदा मोटारवेड्यांच्या अधिक कामी आला आहे.

खासगी मालकीतील पुढील वर्षांत फार नाट्य घडलेले नाही, आणि हेच बहुधा तिचे यश. पर्यटकांच्या फेऱ्या, कंपन्यांच्या चाचण्या आणि शर्यती या जुन्याच तीन पायांवर व्यवहार उभा राहिला. १९७० पासून चालत आलेल्या चोवीस तासांच्या शर्यतीला दोन लाखांहून अधिक प्रेक्षक लोटतात आणि त्यांतील कित्येक जण आठवडाभर आधीपासून रानात तंबू ठोकून बसतात. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या आर नदीच्या खोऱ्यात महापुराने हाहाकार माजविला, तेव्हा हाच परिसर मदतकार्याचे केंद्र बनला. विद्युत मोटारींच्या युगात हा मार्ग कालबाह्य ठरेल, हे भाकीतही खोटे ठरले. भारतीयांना मोबाइलसाठी परिचित असलेल्या चीनच्या शाओमीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या विजेवरील मोटारीचे चाचणी-रूप येथे धाडून ६ मिनिटे ४६.८७४ सेकंदांची वेळ नोंदविली. मोटार उद्योगातील नवख्यालाही आपली लायकी सिद्ध करण्यासाठी आयफेललाच यावे लागते.

धोका मात्र तसाच आहे आणि त्याकडे रोमँटिक नजरेने पाहण्यात अर्थ नाही. मार्च २०१५ मध्ये एका शर्यतीत मोटार चढावरून हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा बळी गेला. त्यानंतर काही टप्प्यांवर वेगमर्यादा आली. रस्त्याची डागडुजी झाल्यावर २०१६ मध्ये ती उठविण्यात आली. पर्यटकांच्या फेऱ्यांतही जीवघेणे अपघात होतात. खुलेपणाची ही किंमत आहे आणि ती दरवेळी नव्याने मोजावी लागते.

भारताचा या कथेशी संबंध उघड आहे. ग्रेटर नोएडाच्या ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’चे रचनाकार हेर्मान टिल्के हे आयफेलपासून जवळच्या आखेनचे, आणि स्वतः नॉर्डश्लाइफेवर शर्यती खेळलेले. तेथे २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या, आणि मग सारे शांत झाले. करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फॉर्म्युला वनच्या कंपनीला भारतात प्राप्तिकर द्यावा लागेल, हा निकाल एप्रिल २०१७ मध्ये आला. मार्ग बांधणाऱ्या जेपी समूहाची आर्थिक पडझड झाली आणि यमुना द्रुतगती प्राधिकरणाने २०२० मध्ये जमिनीचे वाटपच रद्द केले. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी एकदा येऊन गेली. बांधकाम उत्तम होते. ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले त्यांनी त्याची स्तुतीच केली. पण मोठ्या शर्यतीचे तीन दिवस वगळता उरलेल्या दिवसांत सामान्य मोटारचालकाने तेथे का यावे, याचे परवडणारे आणि कायमस्वरूपी उत्तर कधी दिले गेले नाही. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला, पण तो उद्योगाच्या चाचण्यांसाठी.

पुणेकरांनी तर हा विषय अधिकच जवळचा मानायला हवा. स्टुटगार्टची मर्सिडीज आणि वोल्फ्सबुर्गची फोक्सवॅगन या दोन्ही चाकणला बनतात. मात्र स्टुटगार्ट आणि वोल्फ्सबुर्गला लोक सहलीसाठी जातात, चाकणला कोणी जात नाही. वेगाची हौस असलेल्या तरुणापुढे द्रुतगती मार्गावर नियम मोडण्यावाचून पर्याय नाही. उद्या एखाद्या मंत्रालयाने ‘वाहन पर्यटन’ धोरण काढले, तर त्यात पहिल्या पानावर बाजारसंकुल आणि पंचतारांकित हॉटेल असेल, की टोल भरून नियमांत राहून मोटार चालविता येईल असा रस्ता?

न्यूरबर्गमधल्या एका साध्या हॉटेलवाल्याच्या मुलीची गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. सबिने श्मिट्झ १९६९ मध्ये आडेनाऊला जन्मली आणि या मार्गाच्या अंगणातच वाढली. १९९६ आणि १९९७ मध्ये चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या चमूंत ती होती. पुढे ती पर्यटकांना बाजूच्या आसनावर बसवून ‘रिंग टॅक्सी’तून हजारो फेऱ्या मारीत राहिली आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवर साधी मालवाहू व्हॅन या वळशावर पिटाळून जगप्रसिद्ध झाली. मार्च २०२१ मध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. त्याच वर्षी नॉर्डश्लाइफेच्या पहिल्या वळणाला तिचे नाव देण्यात आले, आणि नाक्यावर पैसे भरून निघालेला प्रत्येक पाहुणा आता त्या वळणावरून जातो.